हॅम्बुर्गचे स्विंगवेडे तरुण

१९४० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत हॅम्बुर्ग शहराच्या आल्टोना भागांतील एका हॉटेलांत तरुणांचा एक नृत्यसमारंभ झाला. महायुद्धाला तोंड लागून पांच महिने लोटले होते. रात्रीं रस्त्यांवर काळोख पाळला जात होता आणि शहरांतील मोठीं माणसें शिधापत्रिकांच्या हिशोबांत गुंतलेलीं होतीं. नृत्यगृहाच्या दाराशीं स्विंग नाचास मनाई असल्याची पाटी होती. कोणा वात्रट हातानें तिच्यांतील शब्द बदलून, स्विंग नाचावें अशी विनंति आहे, असा मजकूर करून ठेवला होता. आंत पांचसहाशें मुलगे-मुली जमल्या होत्या. त्यांच्या गर्दींत हिटलर युवक संघाचा एक हेरहि होता, आणि त्यानें आपल्या वरिष्ठांकडे धाडलेला अहवाल पुढें इतिहासकारांच्या हातीं लागला.

त्या अहवालांतील वर्णन मोठें मौजेचें आहे. वाजविलें जाणारें संगीत सर्वस्वीं इंग्रजी व अमेरिकन होतें. एकेका मुलीबरोबर दोन दोन मुलगे नाचत होते. कित्येक जोडपीं हातांत हात गुंफून, कडें करून उड्या मारीत होतीं, टाळ्या पिटीत होतीं, एवढेंच नव्हे तर डोक्याच्या मागल्या बाजू एकमेकांवर घाशीत होतीं. मग कमरेंत वांकून, लांब केंस तोंडावर लोंबत आहेत अशा अवस्थेंत, जवळ जवळ गुडघ्यांवर तीं मंडळी खोलीभर फिरत होती. वादकहि खुर्च्यांवर बसेनात. हेराला हें सारें रानटी वाटलें. तथापि इतक्या बारकाईनें पाहणारा माणूस सर्व वेळ नाक मुरडूनच उभा होता काय, अशी शंका वाचणाराला आल्यावांचून राहत नाहीं.

ज्या संगीतानें हा धुमाकूळ माजविला तें जॅझचेंच एक रूप. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून विसाव्या शतकाच्या प्रारंभीं वर आलेलें जॅझ १९३५ च्या सुमारास मोठ्या वाद्यमेळाच्या स्वरूपांत स्थिरावलें. पितळी वाद्यांचा एक ताफा, सॅक्सोफोनचा दुसरा. एकानें सवाल करावा, दुसऱ्यानें जबाब द्यावा, आणि मध्यंतरीं एखाद्या वादकानें उठून त्या क्षणीं सुचेल तें वाजवावें. ठेका चार मात्रांचा, सरळच; परंतु स्वर त्या मात्रांच्या किंचित मागेंपुढें असे पडतात कीं ऐकणाराचे पाय स्वस्थ राहत नाहींत. त्या डोलण्यालाच स्विंग हें नांव मिळालें. ज्याला तमाशांतील ढोलकी ठाऊक आहे त्याला ठेका अंगांत कसा भिनतो हें निराळें सांगावयास नको.

१९३५ च्या ऑगस्टमध्यें लॉस एंजेलिस येथील पालोमार नृत्यगृहांत बेनी गुडमनच्या वाद्यवृंदानें तरुण श्रोत्यांना वेड लावलें, आणि तेथून स्विंगचा जमाना सुरू झाला असें सामान्यतः मानण्यांत येतें. हा गुडमन शिकागोमधील एका गरीब ज्यू कुटुंबांतला. आणि त्याच्या शेजारीं पियानोवर बसणारा टेडी विल्सन कृष्णवर्णीय. आर्टी शॉ ज्यू, ड्यूक एलिंग्टन व काउंट बेसी कृष्णवर्णीय. नात्सी पक्षाला ज्या दोन जातींचा सर्वांत अधिक द्वेष, त्या दोन्ही ह्या एका संगीतांत हातांत हात घालून उभ्या होत्या. त्याची चीड त्या पक्षाला न येती तरच नवल.

१२ ऑक्टोबर १९३५ रोजीं जर्मन नभोवाणीचा एक प्रमुख अधिकारी ऑयगेन हाडामोव्स्की ह्यानें कृष्णवर्णीयांचें जॅझ जर्मनीच्या सर्व केंद्रांवरून कायमचें बंद झाल्याचें जाहीर केलें. १९३८ सालीं ड्युसेलडॉर्फ येथें 'अधोगत संगीता'चें प्रदर्शन भरविण्यांत आलें. त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजविणारा एक कृष्णवर्णीय आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा षट्कोनी तारा, असें विकृत चित्र होतें. इतकें असूनहि पुरती बंदी कधींच झाली नाहीं. जॅझ म्हणजे नेमकें काय, कोणत्या स्वरापाशीं तें संपतें आणि साधें नृत्यसंगीत कोठें सुरू होतें, हें बंदी घालणारांनाच सांगतां येईना. १९३६ च्या ऑलिंपिक क्रीडांच्या वेळीं जगभरचे पाहुणे बर्लिनला आले तेव्हां टेडी स्टाउफर ह्या स्विस गृहस्थाचा वाद्यवृंद राजधानींत खुशाल स्विंग वाजवीत होता. तबकड्यांचीं दुकानेंहि उघडीं होतीं. दाराची एक फट अशी राहून गेली होती, आणि त्या फटींतून हॅम्बुर्गच्या मुलांनीं आपलें निराळें जग पाहिलें.

हीं मुलें हॅम्बुर्गचींच कां, ह्याचें कारण त्या शहराच्या इतिहासांत आहे. एल्ब नदीवरचें हें बंदर शेंकडों वर्षें समुद्रापलीकडच्या व्यापारावर जगलें. तेथील सुखवस्तु व्यापाऱ्यांचे संबंध बर्लिनपेक्षां लंडनशीं अधिक. इंग्रजी बोलणें, इंग्रजी बेताचे कपडे वापरणें ही तेथील श्रीमंत घरांतील जुनीच चाल. बापानें ट्वीडचा कोट लंडनहून आणावा आणि मुलानें त्याच बोटीनें तबकड्या मागवाव्या, असें हें घराणें. त्यामुळें हॅम्बुर्गच्या उच्चभ्रू शाळांतील मुलांच्या तोंडीं इंग्रजी गाणीं आलीं तीं कांहीं आकाशांतून पडलीं नाहींत.

त्यांचा पोशाखहि तसाच. गुडघ्याकडे उतरणारा लांब चौकड्यांचा कोट, ऐसपैस विजार, इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन ह्यांच्या धर्तीची हॅट, आणि ऊन असो कीं पाऊस, हातांत मिटलेली छत्री. केंस मानेवर रुळणारे, तेल लावून मागें वळविलेले. कोणी तोंडांत पाइप धरी, कोणी कोटाच्या कॉलरीला इंग्लंडच्या निशाणाची टिकली लावी. मुली ओठ व नखें रंगवीत आणि केंस मोकळे सोडीत. राजमान्य जर्मन कन्येनें मात्र वेण्या घालाव्या व चेहरा साबणपाण्यानें धुवावा अशी अपेक्षा होती. भेटतांना हीं मुलें 'स्विंग हाइल' असें म्हणत. ज्या देशांत दुसऱ्या एका 'हाइल'वांचून पोष्टाच्या खिडकीवर तिकीट मागणेंहि अवघड झालें होतें, तेथें ह्या थट्टेला किती धार होती हें ध्यानांत घेतलें पाहिजे. सैल, ढिलें, पाय ओढीत चालणें हा त्यांचा आदर्श. त्याला त्यांच्या बोलींत 'लोटर्न' असा शब्द होता. आपल्याकडचे वडीलधारे ज्याला उनाडकी म्हणतात त्याच्या जवळपासचा.

ह्या उनाडकीच्या समोर काय उभें होतें तेंहि पाहावयास हवें. १९३६ च्या डिसेंबरांतील कायद्यानें जर्मनींतील सारी तरुण पिढी हिटलर युवक संघाच्या अधिकाराखालीं आणली, आणि १९३९ च्या मार्चमध्यें त्या संघांतील सेवा सक्तीची झाली. आखूड केंस, एकच गणवेश, कवाईत, ढोल, पावलाला पाऊल. कवाईतीच्या ठेक्यांत हजार माणसांचा पाय एकाच क्षणीं जमिनीवर पडला पाहिजे. स्विंगच्या ठेक्यांत प्रत्येकाचा पाय आपापल्या लहरीनें, थोडा अलीकडे, थोडा पलीकडे पडतो. ह्या दोन ठेक्यांचें वैर राजकारणाच्या आधींचें आहे, आणि तें जितकें मुलांना कळलें होतें तितकेंच पोलिसांनाहि कळलें होतें.

ह्या मंडळींचीं ठिकाणें ठरलेलीं असत. आल्स्टर तळ्याच्या कांठचा आल्स्टर पॅव्हिलियन हा जलपानगृहाचा मंडप त्यांचा आवडता. तेथें बाहेरचे वाद्यवृंद येत, आणि खबऱ्या आल्याची खूण मिळतांच वादक साळसूदपणें एखादी जर्मन चाल सुरू करीत. परंतु खरी मौज घरांत. आईबाप परगांवीं गेले कीं दिवाणखाना मोकळा करावयाचा, पेटीवजा फोनो मांडावयाचा, आणि प्रत्येकानें आपली तबकडी आणावयाची. उन्हाळ्यांत तोच फोनो तळ्यावर पोहण्याच्या जागीं जाई. युद्ध सुरू झाल्यावर नव्या तबकड्या दुर्मिळ झाल्या, आणि मुलांमध्यें त्यांचा चोरटा देवघेवीचा व्यवहार सुरू झाला. परदेशी नभोवाणी ऐकणें हा युद्धाच्या पहिल्या दिवसापासून गुन्हा ठरला होता. ऐकलेली बातमी पसरविणारास देहान्त शिक्षाहि होऊं शकत असे. तरीहि पांघरुणाखालीं लंडन लागे. मुलांना गाणें ऐकावयाचें असे; परंतु गाण्याच्या आधीं व नंतर बातम्या असत, आणि कानाला झांकण नसतें.

ह्या तरुणांना राजकीय बंडखोर म्हणावें काय, ह्यावर पुष्कळ वाद झाला आहे. त्यांच्यापाशीं जाहीरनामा नव्हता, पुढारी नव्हता, पत्रकें नव्हतीं. त्यांतले बहुतेक पैसेवाल्यांचे मुलगे. कित्येकांचे बाप पक्षाशीं जुळवून घेऊन सुखानें धंदा करीत होते. फोनो, तबकड्या, लंडनी कोट ह्यांना पैसे लागतात, आणि गाण्यांतील इंग्रजी कळावयास चांगली शाळा लागते. ऱ्हाइन नदीकांठच्या कारखान्यांच्या शहरांत मजुरांच्या मुलांनीं हिटलर युवक संघाविरुद्ध टोळ्या केल्या, त्या निराळ्या. एडेलवाइस पायरेट्स ह्या नांवानें ओळखलीं जाणारीं तीं पोरें सुटीला डोंगर तुडवीत, सरकारी गाण्यांचे शब्द फिरवून म्हणत, आणि संघाच्या गस्तवाल्यांशीं हातघाईवर येत. १९४४ च्या नोव्हेंबरमध्यें कोलोन शहरीं तेरा जणांना उघड्यावर फांशीं देण्यांत आलें, त्यांत त्या गटांतलीं अल्पवयीन मुलेंहि होतीं. त्यांच्या मानानें हॅम्बुर्गच्या मुलांचा छंद चैनीचा होता ह्यांत संशय नाहीं. परंतु कोणत्या कृत्याला राजकीय म्हणावयाचें हें सर्वस्वीं करणाराच्या हातीं नसतें. राज्यकर्त्यानें केंसांची लांबी हाच राज्याचा प्रश्न केला म्हणजे न्हाव्याकडे न जाणें हा राजद्रोह होऊन बसतो. शिवाय एक गोष्ट निर्विवाद आहे. ह्या गटांत ज्यू व अर्धज्यू मित्रांना इतरांसारखीच जागा होती, आणि त्या काळच्या जर्मनींत असा दिवाणखाना शोधूनहि सांपडत नसे.

१९४० च्या मार्चमध्यें गेस्टापो ह्या गुप्त पोलिसांनीं अशाच एका नृत्यसमारंभावर छापा घातला. तेथें जमलेल्या चारशेंहून अधिक लोकांपैकीं बहुतेक सारे एकवीस वर्षांच्या आंतले होते. त्याच महिन्याच्या ९ तारखेस तरुणांच्या 'संरक्षणा'चा वटहुकूम निघाला: अठरा वर्षांखालील मुलांनीं काळोख पडल्यावर रस्त्यांत रेंगाळूं नये, रात्रीं नवानंतर एकट्यानें उपहारगृहांत बसूं नये, सार्वजनिक नाचाला जाऊं नये. मुलें घरोघर नाचूं लागलीं. १९४१ च्या ऑगस्टमध्यें पोलिसांनीं मोठी धरपकड केली. तीनशेंहून अधिक तरुण पकडले गेले असें सांगतात. कित्येकांना मारहाण झाली, कित्येकांचे केंस कापून, दरडावून शाळेंत परत पाठविलें.

एवढ्यानेंहि भागेना, तेव्हां प्रकरण वरपर्यंत गेलें. २६ जानेवारी १९४२ रोजीं हाइन्रिख हिमलरनें हायड्रिखला पत्र लिहिलें. ज्यू लोकांच्या समूळ संहाराच्या योजनेची वान्झे येथील बैठक हायड्रिखच्या अध्यक्षतेखालीं होऊन सहा दिवस झाले होते, आणि रशियांत जर्मन सैन्य बर्फांत गोठत होतें. अशा वेळीं ह्या दोघांना हॅम्बुर्गमधील नाचणाऱ्या पोरांसाठीं सवड मिळाली. पत्राचा आशय असा कीं, आतां अर्धवट उपाय पुरे. मुलगे असोत कीं मुली, सर्व म्होरक्यांना आणि त्यांना पाठीशीं घालणाऱ्या शिक्षकांना छळछावणींत टाकावें. तेथें प्रथम त्यांना चोप द्यावा, मग कवाईत व सक्तीची मेहनत करावयास लावावी. दोनतीन वर्षांच्या आंत सोडूं नये, आणि पुढें त्यांना कधींहि शिकूं देऊं नये. आईबापांनीं उत्तेजन दिलें असेल तर त्यांचीहि तीच वाट.

शिकूं देऊं नये, हें कलम विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. मार विसरतां येतो, मेहनतहि अंगवळणीं पडते. परंतु व्यापारी, वकील, डॉक्टर ह्यांच्या घरांतील सोळा वर्षांच्या मुलाला ज्ञानाचें दार जन्मभर बंद, ही शिक्षा त्या वर्गाच्या वर्मावर बेतलेली होती.

मुलांसाठीं गॉटिंगेनजवळ मोरिंगेन येथें १९४० पासून एक छावणी होती. मुलींसाठीं १९४२ मध्यें राव्हेन्सब्रूकच्या स्त्रियांच्या छळछावणीजवळ उकरमार्क येथें दुसरी उघडली. वयानें मोठे होते ते नॉयनगामेसारख्या थोरांच्या छावण्यांत गेले. मोरिंगेनमध्यें सुमारें १,४०० मुलें येऊन गेलीं. तेथें रॉबर्ट रिटर ह्या वंशशास्त्रज्ञ म्हणविणाऱ्या डॉक्टराच्या देखरेखीखालीं पोरांची तपासणी होई, आणि सुधारणारा कोण व जन्मजात बिघडलेला कोण हें ठरवून त्यांना निरनिराळ्या बराकींत घालण्यांत येई. जवळच्या फोल्प्रीहाउझेन येथील मिठाच्या खाणींत, जमिनीखालीं, लष्करी दारूगोळ्याच्या कामाला त्यांना जुंपीत. ज्यांचा अपराध इंग्रजी तबकड्या ऐकणें एवढाच होता, अशीं मुलें त्या खाणींत इंग्रजांवर सोडावयाचे तोफगोळे भरीत होतीं.

ह्याच काळांत बर्लिनमध्यें दुसरेंच नाटक चाललें होतें. प्रचारमंत्री गोबेल्स ह्याच्या खात्यानें लुट्झ टेम्पलिन ह्या सॅक्सोफोन वादकाच्या हाताखालीं एक स्विंग वाद्यवृंद पोसला होता. इंग्लंडसाठीं होणाऱ्या प्रक्षेपणांत तो 'चार्ली'च्या नांवानें वाजे. कार्ल श्वेडलर नांवाचा गायक त्यांत लोकप्रिय अमेरिकन गाणीं इंग्रजींतून म्हणे, आणि पुढल्या कडव्यांत चर्चिल, रूझवेल्ट व ज्यू ह्यांची टवाळी घुसडून देई. वादन पहिल्या प्रतीचें असे. म्हणजे जें ऐकल्याबद्दल हॅम्बुर्गचा मुलगा खाणींत जात होता तेंच वाजविल्याबद्दल बर्लिनचा वादक सरकारी तिजोरींतून पगार उचलीत होता. १९४२ मध्यें तर गोबेल्सनें देशांतील लोकांसाठींहि एक मोठा सरकारी नृत्यवाद्यवृंद उभा करविला. अमेरिकन संगीताची गोडी ठेवावी पण नांव पुसावें, असा त्याचा एकंदर बेत.

जर्मनांनीं व्यापलेल्या पॅरिसमध्येंहि हीच हवा होती. तेथें अशा तरुणांना 'झाझू' म्हणत. कृष्णवर्णीय गायक कॅब कॅलोवे ह्याच्या १९३३ च्या एका गाण्यांतील निरर्थक अक्षरांवरून तें नांव निघालें असें मानतात. कापडाची टंचाई असतां ते मुद्दाम लांब कोट घालीत. न्हाव्यांच्या दुकानांतील केंस कापडासाठीं गोळा करण्याचा हुकूम सुटतांच त्यांनीं आपले केंस आणखी वाढविले. फ्रेंच फॅसिस्ट युवक संघटनेचीं पोरें कात्र्या घेऊन त्यांच्या मागें लागत. १९४२ च्या जूनमध्यें ज्यूंनीं कोटावर पिंवळा तारा लावण्याची सक्ती झाली, तेव्हां कांहीं झाझूंनीं तसलाच तारा कापून त्यावर ज्यू ह्या शब्दाच्या जागीं 'स्विंग' किंवा 'झाझू' लिहिलें व तो छातीवर लावून ते रस्त्यांतून हिंडले. त्यांतले कांहीं पकडले जाऊन द्रांसी येथील छावणींत पोंचले. ही थट्टा पोरकट म्हणून सोडून देतां येत नाहीं. थट्टा करणाराला तारा काढून ठेवण्याची मोकळीक होती हें खरें. परंतु ती मोकळीक असूनहि त्यानें तो लावला होता.

आणि ज्यांना तशी मोकळीक नव्हती त्यांची गोष्ट निराळी. बर्लिनचा कोको शूमान हा गिटारवादक आईकडून ज्यू. १९४३ मध्यें तो पकडला जाऊन थेरेसियेनश्टाट येथील छावणींत गेला. तेथील कैद्यांच्या 'घेट्टो स्विंगर्स' ह्या वाद्यवृंदांत तो वाजवी. बाहेरच्या जगाला दाखविण्यासाठीं सरकारला असें संगीत तेथें हवेंच होतें. तें काम संपल्यावर १९४४ च्या शरद्ऋतूंत वादकांची रवानगी ऑश्विट्झला झाली, आणि त्यांतील बरेचजण तेथें मारले गेले. शूमान वांचला. तेथेंहि पहाऱ्यावरच्या शिपायांसाठीं त्याला वाजवावें लागलें होतें. हॅम्बुर्गच्या मुलांचें दुःख ह्या दुःखाच्या तराजूंत घालूं नये. संगीत एकच होतें, संकट एक नव्हतें. शूमान पुढें बर्लिनमध्यें अखेरपर्यंत गिटार वाजवीत राहिला व २०१८ सालीं वारला.

हॅम्बुर्गच्या मुलांचें शहरच पुढें उरलें नाहीं. १९४३ च्या जुलैअखेर इंग्रज व अमेरिकन विमानांनीं त्या शहरावर आग ओतली. तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. ज्यांच्या पोशाखाची, भाषेची, गाण्यांची ह्या मुलांनीं हौस केली त्यांच्याच हातून त्यांचीं घरें, फोनो व तबकड्या जळाल्या. आल्स्टर पॅव्हिलियन तर वर्षापूर्वींच बाँबनें गेला होता. वयांत आलेल्या मुलग्यांना सैन्यांत भरती करून रणभूमीवर धाडलें होतें. १९४५ च्या वसंतांत छावण्या उघडल्या तेव्हां जे परतले त्यांना सांगावयाचें पुष्कळ होतें, पण विचारणारें कोणी नव्हतें. छळ सोसलेल्यांना भरपाई देण्याची व्यवस्था झाली, तींत राजकारण, वंश व धर्म ह्यांसाठीं सोसलेल्यांस जागा होती. नाचण्यासाठीं सोसलेल्यांस नव्हती. मोरिंगेनला गेलेला मुलगा म्हणजे सुधारगृहांत गेलेलें वांड पोर, अशीच समजूत शेजाऱ्यापाजाऱ्यांत आणि कचेऱ्यांतहि दीर्घ काळ टिकली. १९८० नंतर इतिहाससंशोधकांनीं पोलिसांचीं दप्तरें उलगडलीं, जिवंत असलेल्यांना बोलतें केलें, तेव्हां कोठें हा वृत्तान्त पुस्तकांत आला, आणि १९९३ सालीं त्यावर एक अमेरिकन चित्रपटहि निघाला.

बोलत्या झालेल्यांपैकीं एक ग्युंटर डिशर. १९२५ मध्यें हॅम्बुर्गला जन्मलेल्या ह्या मुलाला अठरा वर्षें भरण्यापूर्वींच, १९४३ च्या प्रारंभीं, तबकड्यांच्या देवघेवीबद्दल पकडून मोरिंगेनला पाठविण्यांत आलें. युद्ध संपेतों तो तेथें होता. सुटून आल्यावर त्यानें पुन्हां तबकड्या जमविण्यास प्रारंभ केला, आणि त्यांचा संग्रह हजारोंच्या घरांत गेला. ऐंशी उलटल्यावरहि तो हॅम्बुर्गच्या व इतर शहरांच्या नृत्यगृहांत जाई, स्वतःच्या हातानें जुनी स्विंगची तबकडी लावी, आणि नातवंडांच्या वयाचीं मुलें तीवर नाचत. २०१२ सालीं तो वारला.